एक दाणा आत

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात चांभाराच्या पेटीपुढं एका पायावर उभा होतो. दुसऱ्या पायातली चप्पल त्याच्या मांडीवर. "काका, आई गेली," प्रकाश म्हणाला, आणि मी म्हणालो, "बरं, सांगतो." फोन बंद झाल्यावर भानावर आलो. सांगतो म्हणजे कोणाला सांगतो? जमुनावहिनीचं बोलणं ऐकायचं आणि ते दुसऱ्याला पोचवायचं, ही माझी उभ्या जन्माची नोकरी. बिनपगारी आणि बिनरजेची. त्या दिवशी तोंडातून सवयीनं तेच निघालं... चप्पल अर्धी शिवलेली तशीच पायात सरकवली आणि गावाकडं, दापोऱ्याला जाणारी जीप धरली. शेजारचा माणूस रस्ताभर केळीच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी हाव हाव करत होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, प्रकाशची आई. माहेर रावेरकडचं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरचा रिवाज असा, की सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. पदर नाकापर्यंत, आणि जे काय सांगायचं ते दिराच्या तोंडून. बाबा ओट्यावर बसलेले, वहिनी दाराआड, आणि मध्ये उंबऱ्यावर मी. "भाऊजी, मामंजींले विचारा, भाकरी आता वाढू का मंग?" बाबा काही बहिरे नव्हते. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी वळून तेच परत म्हणेपर्यंत ते मिशीवरून हात फिरवत थांबायचे आणि मग मला सांगायचे, "तिले सांग, आताच वाढ." मी पुन्हा वळायचो. एकदा कंटाळून मी भाकरीऐवजी भलतंच सांगितलं, की वहिनी म्हणते आज स्वयंपाक बाबांनी करावा. दाराआड बांगड्या एकदम थांबल्या. बाबा हसले नाहीत, पण मिशीवरचा हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेला, अंगानं दांडगा आणि कामाला अर्धवट. त्यामुळं ही नेमणूक कोणी माझ्याकडून काढून घेतली नाही.

ते दिवसही मोठे गमतीचे होते. राज्यांची जुळवाजुळव चालू होती. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आधीपासून पलीकडच्या राज्यात असलेलं रावेर आणखी दूर पडलं. वहिनी म्हणायची, मी जागची हलले नाही आणि माझं माहेर मात्र परदेशी झालं. दादाला त्याचा त्रास जास्त. त्याच्याकडं ट्रक होता. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला, पुढं दोन डोळे बटबटीत, नाक चपटं, टपाला ताडपत्री. गाव त्याला 'पलटण' म्हणायचं. आधी पलटण केळी घेऊन रावेरला जायची, आता पलीकडं जायला परवाना लागू लागला. म्हणून दादानं बऱ्हाणपूरच्या स्टेशनाची वाट धरली. दापोऱ्यात ट्रक चालवणारा माणूस तेवढा एकच. ओट्यापुढं पलटण उभी राहिली की दादाची छाती अशी पुढं यायची की सदऱ्याची गुंडी तुटेल असं वाटायचं. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो आणि त्याला ते आवडायचं.

एके दिवशी पुलाच्या कठड्याला पलटणीचं पुढचं चाक घासलं. वरून काही दिसलं नाही, पण त्या दिवसापासून स्टिअरिंग बिघडलं. जड तर झालंच, शिवाय गाडी सारखी डावीकडं ओढायची. दादा बैलासारखा मजबूत. तो दोन्ही हातांनी चाक धरून ठेवायचा आणि निभावून न्यायचा. मग घात झाला. ती गाडी पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करावी लागायची. इंजिननं एका सकाळी उलटा झटका दिला, हँडल फिरलं आणि दादाच्या उजव्या हाताची हाडं मोडली. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. पट्ट्या सुटल्या तेव्हा हात कोपरापुढं वाकडा जुळला होता. पोळीचा तुकडा मोडता यायचा, पण घास तोंडापर्यंत जायचा नाही आणि जोर लावता यायचा नाही. स्टिअरिंगवर ठेवला की नुसता ठेवलेला राहायचा.

दादा घरातून बाहेर पडेना. पंगतीला बसेना, कारण डाव्या हातानं जेवताना लोक पाहतील. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचा. बाबांनी तोड काढली. ते मला म्हणाले, आणि मला म्हणणं म्हणजे दाराआड वहिनीला म्हणणं, की पोळ्यापर्यंत वाट पाहू, मग गाडी खंडव्याच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. हाताविना गाडी चालत नाही आणि गाडीपायी पोरगा घालवायचा नाही. त्यांचंही खरं होतं. त्यांना पोरगा जिता पाहिजे होता. वहिनीला तोच पोरगा उभा पाहिजे होता. दाराआडून आवाज आला, अगदी शांत. "भाऊजी, मामंजींले सांगा, हात सरळ व्हायचा नाही हे मलेही कळते. मंग चाकं सरळ करू. गाडी आपल्या आपण सरळ जाईल त हाताले जोर कायले पाह्यजे?" मी वळलो. बाबांनी मी तोंड उघडायची वाट पाहिली नाही. उठून वावरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला इतवाऱ्यात पिटाळलं. तिथं एक म्हातारा मिस्त्री होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. तो सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून आला. गाडी शहरात आणा असं तो म्हणत होता, पण आणणार कोण? पुढची चाकं जॅकवर उचलून त्यानं वरून खालून हलवून पाहिली. दोन चाकांना जोडणारा जो आडवा रॉड असतो, तो कठड्याच्या दणक्यानं वाकला होता. आमच्या लोहाराच्या ऐरणीवर त्यानं तो ठोकून सरळ केला. ज्या खिळ्यांवर चाकं वळतात ते कोरडे पडले होते, त्यात ग्रीस भरलं. डाव्या टायरातली कमी हवा भरून घेतली. स्टिअरिंगचा ढिलेपणा काढला. मग म्हणाला, आता रॉड सरळ झाला म्हणजे त्याची लांबी बदलली, चाकं पुन्हा एका रेषेत लावावी लागतील. गाडी थोडी पुढं मागं ढकला, बसू द्या, मग दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजा, मागून मोजा. पुढून जरासं कमी पाहिजे. रॉड फिरवला की चाकं आत येतात, उलटा फिरवला की बाहेर जातात.

दाराआडून प्रश्न आला, "भाऊजी, त्याईले विचारा, जरासं म्हणजे किती?" उस्ताद थबकला. बोलणारी दिसत नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग ओट्यावर वाळत घातलेल्या ज्वारीतला एक दाणा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आगे से इतना कम. बस." मी तो दाणा दाराआड नेऊन दिला. वहिनीनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. उस्तादाला शहरात दुसरं काम होतं, तो सायकलवर बसून गेला. पुढचं आमच्यावर आलं, म्हणजे तिच्यावर. मी फक्त हात.

आता केळीवाल्या घरात लांबी मोजायला पहिल्यांदा काय हाती येतं? लागणीची दोरी. केळीचे कंद एका रांगेत यावेत म्हणून अंबाडीची लांब दोरी वावरात ताणतात, तिला ठरावीक अंतरावर चिंध्या बांधलेल्या असतात, आणि चिंधी तिथं कंद. लागण चालू होती. वहिनी रोज सकाळी बायांबरोबर दोरी ताणायला जायची, त्यामुळं सरळ रेष म्हणजे दोरी हे तिच्या हाडात. आम्ही चाकं फिरवून टायरांच्या मध्यावर खडूनं रेघा ओढल्या. रात्रभर वावरातल्या चिखलात पडलेली दोरी मी सकाळी उचलून आणली. पुढून मोजलं, दोन्ही रेघांपाशी दोरीला गाठी मारल्या. तेवढ्यात बाबांनी मला हाक मारली, बैलाचा खूर दुखावला होता. मी परत आलो तेव्हा दुपार कलली होती. गाडीच्या पोटाखाली सरकून त्याच गाठी त्याच चाकांच्या मागच्या बाजूला लावून पाहिल्या, तर मागचं अंतर पुढच्यापेक्षा चांगलं कमी भरलं. म्हणजे चाकं पुढून फाकलेली. वहिनी म्हणाली, आत घ्या. मी रॉड फिरवला, चाकं आत घेतली. पुन्हा तीच गाठ, पुन्हा आत. शेवटी गाठीनं कौल दिला आणि आम्ही खूश झालो.

दादाला मी जवळजवळ ओढून बाहेर आणला. तो डाव्या हातानं स्टिअरिंगला धरून बसला, हँडल मी मारलं. पलटण गल्लीत निघाली. दोन्ही चाकं एकमेकांकडं तोंड करून बसलेली, ज्या चाकाला घट्ट जमीन लागली त्याच्या मनासारखी गाडी वळली आणि सरळ गणपतअप्पाच्या उकिरड्यात शिरली. लोक हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा, बटबटीत डोळ्यांची ती पलटण शेणात नाक खुपसून उभी. पण दादा खाली उतरला, कोणाकडं न बघता घरात गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. त्या दिवशी त्यानं ताटाला हातही लावला नाही. वहिनीनं ताट झाकून ठेवलं आणि चुलीपुढं बसून राहिली. मला वाटलं, आता ही बाई रडणार. ती म्हणाली, "भाऊजी, काहीतरी चुकलं. काय चुकलं ते पाहू." मला तिचा रागच आला. सरळ सांगतो, मी हात टेकले होते.

चूक सापडली ती वावरात. बाबा लागणीच्या बायांवर खेकसत होते, की रांगा आडव्या जुळत नाहीत, सकाळच्या रांगेतले कंद जवळ जवळ पडलेत आणि दुपारच्या रांगेतले लांब. बाया म्हणत होत्या, दोरी तीच, चिंध्या त्याच. वहिनी ते ऐकत उभी होती. तिनं दोरी हातात घेतली, दाबून पाहिली, आणि कमरेचं खुरपं खाली टाकून ती तरातरा घराकडं निघाली, मी मागं. अंबाडीची दोरी ओली असली की आखडते, वाळली की लांबते. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. खाटा विणताना आम्ही त्याचाच फायदा घेतो. पण ट्रकचं काम म्हटल्यावर आम्ही ते वावरातच ठेवून आलो होतो. पुढून मोजलं ते ओल्या दोरीनं, मागून ताडलं ते वाळल्या दोरीनं. दोन गाठींमधली दोरी मध्येच लांबली होती आणि आम्ही त्या खोट्या गाठीच्या मागं चाकं आत आत घेत गेलो. वहिनी अंगणात पोचली आणि हसायलाच लागली. डोळ्याला पदर लावून हसत होती. उकिरड्याच्या दिवशी जे रडली नव्हती ते इथं हसताना निघून गेलं असावं.

मग तिनं माळ्यावरून जुना, खडखडीत वाळलेला बांबू काढला. पुढून दोन रेघांमध्ये तो नेमका, इकडून तिकडं न हलता बसेल इतका कापून घेतला. तोच बांबू मागच्या रेघांमध्ये धरायचा. तिथं एका टोकाला ज्वारीच्या एका दाण्याएवढी फट राहिली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. रॉड फिरवला की पुढचंही बदलायचं, मग बांबू पुन्हा तासायचा. मी गाडीखाली पाठीवर पडलेला, ती चाकापाशी उकिडवी, पदराची गाठ सोडून दाणा चिमटीत धरलेला. आमचा रॉड काही केल्या जागेवर राहीना, घट्ट करताना हलायचा. दोनदा जमलं आणि दोनदा बिघडलं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "अरे, आधी एका टोकाचा क्लॅम्प आवळ, मंग दुसऱ्याचा. दोन्ही संगं काय आवळता?" दादा खाटेवरून उठून खिडकीशी आला होता. वहिनीनं मान वर केली नाही. मलाच म्हणाली, "भाऊजी, त्याईले सांगा, तिकडून दिसत नाही, इकडं या." नवऱ्यालाही माझ्यातर्फेच. पण तो आला. डाव्या हातानं पाना धरला आणि शेवटचे फेरे त्यानंच दिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, मी स्वतः बसून पाहतो. ते दादाशेजारी पुढं बसले. सून सासऱ्याच्या शेजारी बसणं शक्यच नव्हतं, म्हणून वहिनी आणि मी मागं, उघड्या टपात, ताडपत्रीच्या कमानीला धरून उभे. केबिनच्या मागच्या बाजूला खिडकी होती, तिला काच नव्हती. गाव संपलं आणि दोन्ही बाजूंना केळी असलेला सरळ रस्ता लागला. दादाचा डावा हात स्टिअरिंगवर, वाकडा उजवा त्याच्याशेजारी नुसता टेकलेला. गाडी चांगली चालली होती. समोरून एक बैलगाडी आली, आणि बाबांचा धीर सुटला. त्यांनी हात घालून स्टिअरिंग धरलं आणि आपल्याकडं ओढलं. पलटण रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली. दादाच्या एका हाताचं बाबांच्या दोन हातांपुढं काय चालणार? मी कमान आणखी घट्ट धरली.

वहिनी त्या खिडकीतून आत वाकली. पदर वाऱ्यानं केव्हाच मागं गेला होता. ती माझ्याकडं वळली नाही.

"मामंजी, हात काढा. गाडी सरळ आहे."

त्या घरात ती आल्यापासून तिनं बाबांना थेट सांगितलेली ही पहिली गोष्ट. बाबांनी चटका बसल्यासारखे हात काढले. दादानं गाडी रस्त्यावर घेतली, बैलगाडी बाजूनं निघून गेली. मग दादानं आपला डावा हातही उचलला आणि मांडीवर ठेवला. दोन्ही हात मांडीवर, एक सरळ आणि एक वाकडा. पलटण केळीच्या मधून सरळ जात राहिली, डावीकडं नाही, उजवीकडं नाही. मागून मला बाबांची फक्त मान दिसत होती. इतवाऱ्यात उतरल्यावर ते बराच वेळ पुढच्या चाकांकडं बघत उभे राहिले. मग सवयीनं माझ्याकडं वळले, "वसंता, तुझ्या वहिनीले सांग..." आणि थांबले. तिच्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, परत जातानी तू पुढं बसजो." खंडव्याच्या व्यापाऱ्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. दादानं त्यानंतर आयुष्यभर ट्रक चालवला, वाकड्या हातानं, पंगतीत डाव्या हातानं जेवून. रावेरचा परवाना मिळाल्यावर वहिनीला माहेरीही त्यानंच नेलं. लग्नघरी पलटण उभी राहिली की त्याची छाती पुन्हा तशीच पुढं यायची.

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. पलटण मात्र कडुनिंबाखालच्या शेडात आहे, वर्षातून एकदा दसऱ्याला निघते, वेशीपर्यंत जाऊन येते. त्याआधी वहिनी बांबू घेऊन चाकं मोजायची. तेवढ्या चालीत काय फरक पडणार, असं प्रकाश म्हणायचा. तिचं मोजणं चालूच. बाबांशी ती नंतर मोकळेपणानं बोलायची, पण इतरांना काही बजावायचं असलं की माझ्यातर्फेच सांगायची, ती खोड गेली नाही. जायच्या दोन आठवडे आधी भेटलो, तेव्हा नजर गेली होती, आवाज बारीक झाला होता. प्रकाश तिच्या पायाशी बसून पाय चेपत होता. ती मला म्हणाली, "भाऊजी, प्रकाशले सांगा, चाकं मोजल्याशिवाय गाडी काढू नको." मी म्हणालो, बरं, सांगतो. प्रकाशनं माझ्याकडं पाहून हसून मान हलवली, ऐकलं म्हणून. मग मी सांगितलं नाही. सांगायला काय उरलं होतं?

यंदा दसऱ्याला घरात सण नव्हता. तरी प्रकाश म्हणाला, आईची गाडी आहे, वेशीपर्यंत नेऊन आणू. हार नाही, तोरण नाही. तो चटकन वर चढला, आता हँडल लागत नाही, बटण बसवलंय. मी घरात खांबाला टेकून दारातून बघत होतो. माळ्याच्या तुळईला तो बांबू नेहमीच्या दोन खिळ्यांवर होता, धुरानं काळा पडलेला, एक टोक तासून तासून बारीक झालेलं. वहिनी गेल्यापासून मी कोणाशी धड बोललो नव्हतो. पण कामाच्या वेळी तिला रडणं चालायचं नाही. मी बांबू काढला, शेडात गेलो आणि बोनेटवर थाप मारली.

"प्रकाश, उतर खाली. तुझी आई म्हणते, आधी चाकं मोज."

म्हणते, असंच आलं तोंडातून. तो खाली उतरला आणि त्यानं बांबूसाठी हात पुढं केला. मी कोठारात जाऊन ज्वारीच्या कोठीतून एक दाणा आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.